गिरगावातलं माझं एक मत

आमच्या गिरगावातल्या ग्रंथालयाची सात जणांची कार्यकारिणी या वेळी पसंतिक्रमानं, म्हणजे नावांपुढे १, २, ३ असा क्रम लावून, निवडावी, असा ठराव आला. त्यावर माजी कार्यवाह काकांनी सगळ्या सभासदांना लिहिलं, 'हे परदेशी खूळ आहे. आपल्या लोकांना आकडेमोड जमणार नाही.' दोन दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

परदेशी? काका स्वतः मुंबई पदवीधर मतदारसंघाचे मतदार. विधान परिषदेला जांभळ्या पेनानं नावांपुढे १, २, ३ काय लिहितात मग? राष्ट्रपतीही असेच निवडतात. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावरच जिंकले.

आज ग्रंथालयात प्रत्येकाला सात मतं. शंभरातले पंचावन्न एका पॅनेलमागे गेले की सातही जागा त्यांच्या. उरलेल्या पंचेचाळिसांचा एकही माणूस आत नाही. पसंतिक्रमात मत एकच, पण ते सहसा वाया जात नाही. समजा २४० वैध मतं पडली. जागा सात, म्हणून आठानं भागा, एक मिळवा: कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, ३१. तो गाठणारा निवडून आला, त्याची जादा मतं कमी मूल्यानं पुढच्या पसंतीकडे जातात. कोणीच गाठला नाही तर तळाचा बाद, आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या नावांच्या गठ्ठ्यात. आकडेमोड मोजणाऱ्यांनी करायची. सभासदानं फक्त क्रम लावायचा.

ऑस्ट्रेलियात १९१८ पासून लोक क्रम लावताहेत. मेलबर्नमधली माझी ऐंशीची शेजारीण मतदानाच्या शनिवारी शाळेतल्या केंद्रावर जाते, प्रत्येक चौकटीत आकडा घालते, सॉसेज घेऊन घरी येते. आणि जन्मभर पुस्तकं वाचलेल्या गिरगावकरांना हे जमणार नाही? हा त्यांचा अपमान आहे, आणि तो मला इतक्या लांबूनही लागतो.

काकांनी मला वेगळं विचारलं, 'तू तिकडे, तुला काय पडलंय?'

इथे त्या चौकटीत आकडा घालता यावा म्हणून मी भारतीय पासपोर्ट परत केला. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर गिरगावात राहता येतं, मत देता येत नाही. विधानसभा गेली, महापालिका गेली. दहावीनंतर बाबांनी काढून दिलेलं हे आजीव सभासदत्व तेवढं राहिलं. मुंबईत माझं म्हणून उरलेलं हे एकच मत आहे, काका.

ठराव मंजूर झाला तर पहिली पसंती बालविभाग सांभाळणाऱ्या बाईंना. त्या कुठल्याच पॅनेलमध्ये नाहीत. दुसरी काकांना. मला पहिलं पुस्तक कपाटातून त्यांनीच काढून दिलं होतं.