पहाटेचे तीन तास आणि कोपरखैरणेपर्यंतची वीस मिनिटं

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. म्हणणं असं: फुटकळ वेळात काही शिकून होत नाही, पहाटे पाचला उठून सलग तीन तास द्या. २१ दिवसांत सवय लागते, पण एक दिवस खाडा झाला की पुन्हा पहिल्यापासून. आणि १०,००० तासांशिवाय कशातच गती येत नाही. शेवटी जोडलेले हात.

मी वर्षभर ठाणे ते कोपरखैरणे लोकलमध्ये मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी, शिकतोय. तेव्हा उत्तर देणं आलं.

२१ हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनचा. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० साली लिहिलं. वाटेत ‘किमान’ गळलं, चेहराही गळला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ९६ जणांना घेऊन अभ्यास केला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. पावसात गाड्या बंद पडल्या की माझाही खाडा होतो. अक्षरं काही धुऊन जात नाहीत.

१०,००० तास ही बर्लिनच्या उत्तम व्हायोलिन विद्यार्थ्यांच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या सरावाची सरासरी, १९९३ च्या अभ्यासातली. मला पणजोबांचं खरेदीखत वाचायचंय, मैफल नाही गाजवायची.

राहिला सलग वेळेचा आग्रह. १९७८ साली ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवण्याचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज एकच तास बसणारे, रोज चार तास बसणाऱ्यांपेक्षा एकूण कमी तासांत शिकले. दिवस मात्र जास्त लागले, हेही सांगायला हवं. माझा अनुभव याच जातीचा. खिशात पत्त्यांएवढी कार्डं असतात. ऐरोलीपर्यंत कालची पाच अक्षरं, घणसोलीपर्यंत नवी दोन, उरलेल्या वेळात बोटाने मांडीवर गिरवायचं. समोरचे काका पहिले काही दिवस जरा सरकूनच बसायचे. खरी मेहनत आदल्या रात्री, कार्डं काढण्यात असते. गाडीत बसल्यावर ‘आज काय करू’ असा विचार सुरू झाला, तर दिघा येईपर्यंत हातात मोबाइल आलेला असतो.

पण मेसेजमधलं एक मला मान्य आहे. अक्षरं सुटी शिकता येतात, दस्त तसा वाचता येत नाही. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं; शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे तुटतो हे पुढची-मागची ओळ मनात धरूनच कळतं. वीस मिनिटांत जेमतेम सूर लागतो आणि उतरायची वेळ होते. त्यासाठी रविवारची दुपार ठेवलीय. पहाटे पाच नव्हे, जेवल्यावर.

आणि ‘२४ तास सगळ्यांना सारखेच’ हे तर बोलूच नका. ऑफिसातली एक सहकारी बदलापूरहून येते, ठाण्याला गाडी बदलते, दोन्हीकडे उभी. तिला कार्डं धरायलाही हात मोकळा नसतो. ती कानात हेडफोन घालून जर्मन ऐकते.

माझं खरेदीखत गेल्या रविवारी चतुःसीमेपर्यंत, म्हणजे मिळकतीच्या चारी बाजूंना कोण आहे तिथपर्यंत, आलं. ‘पूर्वेस’ लागलं. पुढचं नाव अजून लागत नाहीये.