दाबमापकातले ग्लिसरीन दाब मोजत नाही

ग्लिसरीन भरलेल्या दाबमापकाविषयी एक संदेश बराच फिरतो आहे. काचेमागचे द्रव दाबले जाऊन काटा फिरवते, म्हणून ते गळले की मापक निकामी झाला, आणि काटा शून्यावर परतत असेल तर मापक अचूक समजावा, असे त्यात म्हटले आहे.

पहिले विधान मुळातच चुकीचे आहे. दाब झेलते ती त्या द्रवात बुडालेली, अर्धवट कड्यासारखी वाकवलेली धातूची पोकळ नळी, जिचे पेटंट युजेन बूर्दों या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये घेतले. तिचा छेद चपटा असतो. एक टोक जोडणीच्या ठोकळ्यात पक्के बसवलेले, तर दुसरे बंद पण मोकळे असते. आतला दाब वाढला की चपटा छेद गोल होऊ पाहतो आणि नळीचा बाक किंचित उलगडतो. मोकळे टोक जेमतेम काही मिलिमीटर सरकते, पण दातेरी चाप आणि छोटे दंतचक्र ते सरकणे इतके वाढवतात की काटा तबकडीवर जवळपास पाऊण फेरा घेतो.

ग्लिसरीनचे काम कंपने शमवणे आणि दात झिजू न देणे एवढेच आहे. ते नसलेले कोरडे मापकही सर्रास वापरले जातात. उलट, उन्हाने ग्लिसरीन प्रसरण पावून मापकाच्या बंद केसमधला (बाहेरच्या डबीतला) दाब वाढला, तर नळीवर बाहेरून दाब पडून वाचन कमी येते. म्हणूनच अशा अनेक मापकांच्या केसला हवा सोडणारे रबरी बूच असते. मात्र केसमध्ये लाइनमधले, म्हणजे ज्या नळाचा दाब मोजायचा त्यातले, पाणी किंवा तेल दिसू लागले, तर नळीला तडा गेलेला असू शकतो. तेव्हा लाइन बंद करून, तिच्यातला दाब सोडून मापक काढलाच पाहिजे.

शून्याची कसोटीही अपुरी आहे. काही तबकड्यांवर शून्यापाशी खिळा असतो; काटा त्याला टेकून थांबतो, म्हणून बिघाड असला तरी तो शून्यावरच दिसू शकतो. अतिदाबाने बिघडलेल्या मापकाचा काटा काढून कोणी पुन्हा शून्यावर बसवलेलाही असू शकतो. शिवाय १.६ अचूकता वर्गाच्या (म्हणजे कमाल दाबाच्या १.६ टक्के चूक चालणाऱ्या), १० बारपर्यंतच्या (बार हे दाबाचे एकक) मापकाला कुठेही ०.१६ बारची चूक मान्य असते. १ बारच्या वाचनात ती १६ टक्के होते. ज्ञात दाब देऊन, चढत्या आणि उतरत्या क्रमाने अनेक बिंदूंवर तपासल्याशिवाय अचूकता ठरत नाही.