दशांश काढला की बाकीचा पैसा शुद्ध? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

जय ख्रिस्त मंडळी. आपल्या मराठी ख्रिस्ती ग्रुप्सवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल, खाली "दहा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळवा" लिहिलेला. त्यात चार गोष्टी आहेत. एक, बायबलमधल्या मलाखी 3:10 प्रमाणे दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, द्या, देव कित्येक पटीनं परत देणारच. दोन, गरिबांनी सबबी सांगू नयेत, विधवेनं शेवटचा पैसा दिला तसा द्यावा. तीन, धंदा वेगळा आणि उपासना वेगळी, बाजारात थोडं इकडंतिकडं होतंच, पण दशांश काढला की उरलेले 90 टक्के शुद्ध होतात. चार, अर्पणाचा हिशोब विचारू नका, देवाच्या अभिषिक्ताला, म्हणजे त्यानं नेमलेल्या सेवकाला, हात लावायचा नसतो.

सगळीकडे वचनं चिकटवलेली आहेत म्हणून वाचणारा गप्प बसतो आणि पुढं पाठवून देतो. मी तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण सगळा घोळ तिथं आहे, बाकीचे तीन त्याच्याच आधारावर उभे आहेत.

तर "दशांश काढला की बाकी शुद्ध". हे शास्त्रात कुठंच नाही, उलट आहे. लेवीय 6 उघडा, पहिली सात वचनं. कुणी शेजाऱ्याची ठेव बुडवली, लुबाडलं, सापडलेली वस्तू नाही म्हणून खोटी शपथ खाल्ली, तर काय करायचं? आधी ती वस्तू ज्याची त्याला पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा जास्तीचा, म्हणजे 100 बुडवले तर 120, आणि मग दोषार्पणाचा मेंढा. मेंढा आणला म्हणून 120 माफ होत नाहीत. प्रभु येशूनंही डोंगरावरच्या प्रवचनात तेच सांगितलं (मत्तय 5:23-24), वेदीपाशी दान घेऊन उभा आहेस आणि आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन मिटव, मग ये. लक्षात घ्या, तुझं भावाविरुद्ध काही आहे असं नाही म्हटलेलं, भावाचं तुझ्याविरुद्ध आहे. म्हणजे ज्याची मजुरी अडकवली तो कामगार घरी वाट बघतोय आणि साहेब पहिल्या बाकावर टाळ्या वाजवून गातायत, तर त्या दानाला तिथंच थांबायला सांगितलंय.

जक्कयाची गोष्ट आपण संडेस्कूलमध्ये झाडावर चढण्यापुरती शिकवतो. खरी गोष्ट झाडावरून उतरल्यावरची आहे, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट (लूक 19:8). जकातदार होता, दहा टक्के मंदिरात टाकून नव्वद ठेवायची आयडिया त्याला सुचली नसेल असं थोडंच आहे!

आणि आमोस. हा तकोवाचा मेंढपाळ आणि संदेष्टा, इ.स.पू. आठव्या शतकात बेथेलच्या राजमान्य मंदिरात जाऊन बोलला. त्याचे श्रोते दान न देणारे नव्हते बरं का. आमोस 4:4 मध्ये तो त्यांना टोमणाच मारतो, की या बेथेलला आणि पाप करा, रोज सकाळी यज्ञ आणा, तीन दिवसांनी दशांश आणा, तुम्हाला आवडतंच ना ते! पुढं आठव्या अध्यायात कळतं की हेच भाविक शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, कधी संपतो म्हणून घड्याळाकडं बघावं तसं बघत बसायचे, कारण संपल्याबरोबर धान्याचा बाजार उघडायचा होता, माप लहान, वजन जड, तराजू खोटा आणि गव्हाबरोबर कोंडाही विकायचा. देव म्हणतो तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, गाणी बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या (5:21-24). दशांश देणाऱ्या लोकांना हे सांगितलंय, म्हणून जरा जपून फॉरवर्ड करा.

सुरुवातीच्या मंडळीनं हे फक्त वाचलं नाही, नियमच केला. तिसऱ्या शतकात सिरियाकडं लिहिलेलं डिडास्कालिया नावाचं मंडळीच्या शिस्तीचं पुस्तक आहे. त्यात बिशपांना सांगितलंय की कुणाचं दान घ्यायचं नाही: गरिबांवर जुलूम करणारे, गुलामांना छळणारे, लबाड जकातदार, खोटी वजनं वापरणारे, दारूत पाणी मिसळून विकणारे. त्यांच्या पैशानं विधवांना जेवू घालू नका. आणि नाइलाजानं घ्यावाच लागला तर अन्नावर खर्च करू नका, सरपण आणा, म्हणजे ते पोटात जाणार नाही. आज किती ठिकाणी दान परत केल्याचं ऐकलंत? आपल्याकडं तर देणगीदाराचं नाव संगमरवरावर कोरतात आणि त्याच्या साइटवरच्या मजुरांना विचारायलाही कुणी जात नाही.

आता दावीदाची गोष्ट, जी फॉरवर्डमध्ये अर्धीच सांगितलीय. "मला फुकट पडलेलं अर्पण देवाला देणार नाही" हे वाक्य मोठ्या अक्षरात टाकलंय, म्हणून तुम्हीही मोठी रक्कम द्या. पण 2 शमुवेल 24 पूर्ण वाचा ना. शिरगणतीचं पाप दावीदाचं, त्यामुळं मरी पसरलेली, गाद संदेष्टा सांगतो की अरवना यबूसीच्या खळ्यावर वेदी बांध. अरवना म्हणतो महाराज खळं घ्या, बैल घ्या, जळणाला जू आणि मळणीची अवजारं घ्या, सगळं तसंच देतो. राजाला कोण नाही म्हणणार? तोही जिंकलेल्या शहरातला यबूसी माणूस. दावीद म्हणतो नाही, किंमत देऊनच घेईन, आणि 50 शेकेल चांदी मोजतो. (बायबलमधल्याच 1 इतिहास 21 मध्ये जागेचे 600 शेकेल सोनं म्हटलंय, दोन्ही आकड्यांचा मेळ घालायचे भाष्यकारांचे प्रयत्न चालूच असतात, पण किंमत दिली यावर दोन्ही पुस्तकं ठाम आहेत.) म्हणजे त्या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत, अर्पणाची झळ देणाऱ्याला बसली पाहिजे, आणि ती दुसऱ्याच्या खिशातून भरायची नाही. पुढं अहाब राजाला नाबोथचा द्राक्षमळा हवा झाला तेव्हा काय झालं ते 1 राजे 21 मध्ये आहेच, खोटे साक्षीदार, दगडमार आणि मळा जप्त, आणि त्यासाठी त्याच्या राणीनं, ईजबेलनं, चक्क उपास जाहीर केला होता. धार्मिक कार्यक्रम लावून जमीन लाटायची पद्धत जुनी आहे म्हणायची.

पहिला मुद्दा, मलाखी. "माझी परीक्षा घ्या" हे 3:10, मान्य, देवाचं वचन आहे आणि मी स्वतः दशांशाच्या विरोधात नाही. पण 3:5 फॉरवर्डमध्ये का नाही? पाचच वचनं आधी देव म्हणतो मी न्यायाला येतोय, मजुराची मजुरी दाबणाऱ्यांवर, विधवा, अनाथ, परके यांना नाडणाऱ्यांवर. आणि तो दशांश मुळात होता काय, तर धान्य, द्राक्षारस, तेल, जनावरं. भांडारात का आणायचा, तर ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता त्या लेव्यांना, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्या वंशाला, खायला मिळावं म्हणून, नहेम्या 13 मध्ये वाटा न मिळाल्यानं लेवी आपापल्या शेतांकडं पळाल्याचं लिहिलंय. दर तिसऱ्या वर्षी तोच दशांश गावातच ठेवायचा, लेवी, परके, अनाथ, विधवा येऊन पोटभर खातील (अनुवाद 14:28-29). हा भाग वगळून "दुप्पट गाडी, दुप्पट बंगला" काढायचा म्हणजे त्याला अर्पण कशाला म्हणायचं, एफडीच म्हणा. परत मिळणारच या हिशोबानं दिलं तर दावीदाच्या भाषेत ते फुकटातलंच झालं की.

दुसरा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे मंदिराच्या दानपेटीत तिनं टाकलेली दोन अगदी लहान नाणी. रोमी हिशोबानं त्या दोन्ही मिळून एका दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा भाग होतात, आजची मजुरी 640 धरली तर 10 रुपये. तिनं दिलं आणि प्रभूनं तिचं मोल सगळ्या श्रीमंतांपेक्षा जास्त केलं, हे शंभर टक्के. पण मार्क 12:40 मध्ये, म्हणजे लगेच आधी, तो शास्त्र्यांबद्दल काय म्हणतो? विधवांची घरं गिळतात आणि लांब प्रार्थना करतात. आणि लगेच पुढं तेराव्या अध्यायात त्याच मंदिराबद्दल, इथं दगडावर दगड राहणार नाही. मधोमध उभी असलेली ही बाई. तिचं उदाहरण देऊन दुसऱ्या गरीब विधवेकडून पैसे काढायचे म्हणजे आपण गोष्टीतल्या कुणाची भूमिका करतोय ते बघा जरा. नियमशास्त्रानं तर गरिबाला कोकराऐवजी दोन पारवे चालतील, तेही नसेल तर एफाचा (धान्याच्या मापाचा) दहावा भाग पीठ चालेल असं लिहून ठेवलंय (लेवीय 5), आणि योसेफ-मरीयेनं पक्षीच आणले होते. गरीब देतात, मनापासून देतात, मिझोरामच्या मंडळ्यांत बायका प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्यावर मिशनची मोठी कामं चालतात. पण ते त्यांनी स्वतः ठरवलंय, गॅरंटी किंवा भीती घालून वसूल केलेलं नाही.

राहिला चौथा, अभिषिक्ताला हात लावू नका. ते वचन स्तोत्र 105 चं, अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल, की परक्या राजांनी त्यांना त्रास देऊ नये. ट्रस्टच्या वार्षिक हिशोबाशी त्याचा काही संबंध नाही. पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली, कारण एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट ठेवू नये, आणि प्रभूपुढंच नाही तर माणसांपुढंही व्यवहार चोख दिसला पाहिजे (2 करिंथ 8:20-21). आणि संदेष्टा शमुवेल म्हातारा झाल्यावर सगळ्या इस्राएलापुढं उभा राहून स्वतःच विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाला फसवलं, कुणाकडून लाच घेतली, सांगा, परत करतो (1 शमुवेल 12). तेही परमेश्वरापुढं आणि त्याच्या अभिषिक्तापुढं! म्हणजे शौल राजा शेजारीच उभा. लोकांनी त्याला गप्प बसवलं नाही, एकेक आठवून "नाही, काही घेतलं नाहीस" असं उत्तर दिलं. तर पुढच्या सर्वसाधारण सभेत कुणी ऑडिट रिपोर्ट मागितला आणि कुणी हे वचन तोंडावर मारलं, तर त्यांना 1 शमुवेल 12 मोठ्यानं वाचून दाखवा आणि रिपोर्ट मागत राहा.