खोक्यावरचा घाम आणि वॉरंटीतला घाम

गेल्या वर्षी मे महिन्यात घेतलेल्या इअरबडच्या जोडीपैकी उजवा बड अकराव्या महिन्यात एकाएकी मुका झाला. किंमत 18,990 रुपये. भुसावळ ते जळगाव रोजचे जाणे-येणे आणि डब्यातला गलका, यांवर उतारा म्हणून घरच्यांची बोलणी खाऊन घेतलेली ही वस्तू. आवाजाविषयी माझी आजही तक्रार नाही. तक्रार आहे ती खोक्यावर छापलेल्या एका शब्दाबद्दल आणि वॉरंटीच्या कागदावरच्या एका ओळीबद्दल, कारण दोन्ही एकाच कंपनीने लिहिलेली असून एक दुसरीला खोटे पाडते.

खोक्यावर ‘आयपीएक्स4’ असे ठळक छापले होते आणि शेजारी घामाने निथळत पळणाऱ्या तरुणाचे चित्र होते. वॉरंटीच्या कागदावर मात्र ओलाव्यामुळे झालेले नुकसान हमीत बसत नाही, असे बारीक अक्षरात लिहिले होते. वस्तू धूळ आणि पाणी किती सोसते हे सांगणाऱ्या या संकेतातील 4 चा अर्थ एवढाच की कोणत्याही दिशेने आलेले पाण्याचे शिंतोडे वस्तू सहन करते, आणि धुळीच्या आकड्याच्या जागी एक्स असला म्हणजे धुळीबाबत कोणताही दावा केलेला नाही. शिवाय ही चाचणी साध्या पाण्याची असते, तर घामात मीठ असते. ते चार्जिंगच्या इवल्या धातूच्या टोकांवर साचते आणि त्यांना हळूहळू खाते. चैत्र-वैशाखात पारा 45 च्या घरात गेला की खान्देशात कानामागे घाम न येणारा माणूस शोधून सापडणार नाही, आणि धुळीविषयी तर बोलायलाच नको. तो पळणारा तरुण बहुधा थंड हवेच्या ठिकाणी पळत असावा.

जळगावातील ‘अधिकृत सेवा केंद्र’ ही प्रत्यक्षात एक खिडकी निघाली. तिथे वस्तू घेतात, जॉबशीट हातात देतात आणि पार्सल पुण्याला पाठवतात. 13 दिवसांनी त्या टोकांवरच्या हिरवट थराचा फोटो आणि ‘लिक्विड डॅमेज’ हे दोन शब्द परत आले. उजवा बड सुटा हवा असल्यास 6,500 रुपये भरा, हेही सांगण्यात आले. गोलाणी मार्केटमधल्या ओळखीच्या कारागिराला दाखवले, तर तो भिंगातून पाहून म्हणाला, “भाऊ, हाई उघडं का परत बंद व्हत नही.” त्याचे म्हणणे खरे होते. कवच चिकटवलेले असते, आतली बॅटरी सदऱ्याच्या गुंडीएवढी असते, आणि ती बदलता यावी अशी रचनाच कंपनीने केलेली नसते.

बॅटरीचा हा भाग खरेदी करताना कोणी सांगत नाही. फोनमध्ये 5,000 मिलिअँपिअर-अवरच्या आसपास क्षमता असते, इअरबडमध्ये ती कशीबशी 50 च्या आगेमागे. त्यामुळे ती दिवसातून एक-दोनदा भरावीच लागते. लिथियम-आयन बॅटरी चार्जिंगच्या साधारण 500 पूर्ण आवर्तनांनंतर ठळकपणे उतरू लागते आणि उष्णतेत आणखी लवकर. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या चार्जिंगच्या डबीचे काय होत असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. वीस हजारांच्या वस्तूला कंपनी एकच वर्षाची हमी देते, याचे कारण मला या आवर्तनांत दिसते.

याउलट माझ्याकडे सहा वर्षांपूर्वीचे तारेचे इअरफोन आहेत. त्यांची तार दोन पिनांवर निघते. ती दोनदा जॅकपाशी तुटली आणि दोन्ही वेळा साडेआठशे रुपयांत नवी आली. जाळीत मळ साचला की आवाज एका बाजूने बसतो, तेव्हा जाळी बदलायची, एवढीच त्यांची देखभाल. म्हणून महाग वस्तू घेणाऱ्याने आवाजाची परीक्षणे वाचण्याआधी दुकानदाराला विचारावे की यातले काय सुटे मिळते, दुरुस्ती कोणत्या गावात होते आणि पार्सलचा खर्च कोणाचा. परदेशातून परस्पर आणलेला स्वस्त माल असेल, तर भारतातली हमी लागू आहे का, हेही बिलावर लिहून घ्यावे.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि खोक्याचा व वॉरंटीच्या कागदाचा फोटो शेजारी-शेजारी जोडला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही, हेही मी त्यात लिहिले होते. यातल्या कशाचा परिणाम झाला ते ठाऊक नाही, पण तीन आठवड्यांनी नवा उजवा बड विनामूल्य आला. त्याला हमी मात्र मूळ खरेदीच्या उरलेल्या मुदतीपुरतीच होती, आणि ती संपून नऊ दिवस झाले होते. आता उजवा सहा तास चालतो, डावा पावणेचार तासांत मान टाकतो.