खुलासा : फोटोवरून परोपजीवी गांधीलमाशीची नेमकी प्रजाती सहसा कळत नाही

‘परोपजीवी गांधीलमाशीचा स्पष्ट फोटो काढा, रंग आणि शेपटीची लांबी पाहा, प्रजाती लगेच कळेल’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (परोपजीवी गांधीलमाशी म्हणजे जिची पिल्ले दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात किंवा अळीत वाढतात ती.)

फोटोवरून बहुतेक वेळा फक्त कुळ कळते, कधीमधी वंश. तेही बरेचदा पंखांच्या शिरा दिसल्या तरच. इक्न्यूमोनिडी आणि ब्रॅकोनिडी ही दोन मोठी कुळे वेगळी करताना पुढच्या पंखातली एक छोटी आडवी शीर आधी शोधतात. ती ‘शेपटी’ म्हणजे मादीची अंडी घालायची नळी. नराला ती नसतेच.

पिकांवरच्या किडींची अंडी नष्ट करणारा ट्रायकोग्रामा हा परोपजीवी गांधीलमाश्यांचा वंश घ्या. लांबी एक मिलिमीटरही नाही आणि अंगाचा रंग वाढीच्या काळातल्या तापमानाप्रमाणे बदलतो. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा या भारतीय कीटकशास्त्रज्ञांनी १९६८ आणि १९७१ मध्ये दाखवून दिले, की खरा भरवशाचा पुरावा नराच्या जननेंद्रियांच्या रचनेत असतो. म्हणजे काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक हवाच. त्यातही वोल्बाकिया जिवाणूमुळे काही ठिकाणी फक्त माद्याच जन्मतात. तिथे तपासायला नरच नसल्याने डीएनए तपासावा लागतो.

दिसायला एक, पण प्रत्यक्षात अनेक प्रजाती, हे इथे नेहमीचे आहे. कोस्टा रिकातल्या एकाच संरक्षित क्षेत्रातून २०१४ मध्ये ॲपँटेलिस या परोपजीवी गांधीलमाश्यांच्या वंशाच्या १८६ नव्या प्रजाती नोंदवल्या गेल्या!

त्यामुळे नमुना अल्कोहोलमध्ये जपा आणि तो कोणत्या अळीतून किंवा अंड्यातून निघाला, हे जरूर लिहून ठेवा. फोटोपेक्षा ही नोंद तज्ज्ञाला कितीतरी उपयोगी पडते.