'निवडून दिलंय ना, मग कोर्ट कोण अडवणारं?' अहो, थांबा जरा

या वेळी फॉरवर्ड मामांनी टाकलाय, आणि आईने मला विचारलं की हे खरंय ना, म्हणून लिहितोय, नाहीतर असले मेसेज मी न वाचता उडवतो. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: निवडून आलेलं सरकार सर्वोच्च, न्यायाधीशांना कुणी निवडलंय, सरकार नाही आवडलं तर पाच वर्षांनी पाडा, आणि गुंडाचं घर पाडायला नोटीस कशाला, बुलडोझर हाच न्याय.

शेवटच्यापासून सुरू करतो कारण डोकं त्यानेच फिरलं. गुंड म्हणजे कोण? केस उभी राहायच्या आधीच घर पडलेलं असतं. आणि घरात आरोपी एकटाच राहतो का, त्याची आई, बायको, पोरं असतात, कधी घर भाड्याचं असतं म्हणजे मालक तिसराच. 13 नोव्हेंबर 2024 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, न्या. गवई (आपले अमरावतीचे) आणि न्या. विश्वनाथन यांचा. आरोपी आहे म्हणून, अगदी दोषी ठरला म्हणूनसुद्धा घर पाडता येत नाही. बांधकाम बेकायदा असेल तर किमान 15 दिवसांची नोटीस, रजिस्टर पोस्टाने, शिवाय घरावर चिकटवून, मग म्हणणं ऐकायचं, पाडायचा आदेश निघाला की परत 15 दिवस थांबायचं, पाडताना व्हिडिओ शूटिंग. हे मोडलं तर अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरपाई करायची. रस्ता, फूटपाथ, रेल्वे लाइन, नदी-तलाव इथलं अतिक्रमण यातून वगळलंय, त्यामुळे 'कोर्टाने अतिक्रमणवाल्यांना वाचवलं' हेही खोटं.

तरी मार्च 2025 मध्ये दंगलीनंतर नागपुरात आरोपीचं घर पाडलंच. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने पुढची कारवाई थांबवली, आणि मग महापालिका आयुक्तांनी बिनशर्त माफी मागताना काय सांगितलं, तर अधिकाऱ्यांना सुप्रीम कोर्टाचा आदेश माहीतच नव्हता. चार महिने झाले होते! एप्रिल 2025 मध्ये प्रयागराजच्या घरं पाडल्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने घरमालकांना प्रत्येकी 10 लाख द्यायला लावले, ते विकास प्राधिकरणाने, म्हणजे शेवटी लोकांच्याच पैशातून. मला खटकतं ते हे की स्टेजवरून 'बुलडोझर फिरवू' म्हणणारा नेता यात कुठेच सापडत नाही, सही अधिकाऱ्याची आणि टाळ्या नेत्याला. मी अधिकारी असतो तर म्हटलं असतं, साहेब, लेखी द्या.

बाकीचं पटकन. संसद सर्वोच्च असं घटनेत कुठंय? कलम 13 वाचा, मूलभूत हक्कांच्या विरोधात केलेला कायदा तेवढ्यापुरता रद्द. सुप्रीम कोर्टाच्या 1973 च्या केशवानंद निकालाने तर घटनादुरुस्तीलाही मर्यादा घातली. आणि 'पाच वर्षांनी पाडा' म्हणणाऱ्यांनी आणीबाणी आठवावी, 1971 ला निवडलेल्या लोकसभेची मुदत 1976 ला संपायची होती, ती तिनेच वाढवून घेतली, मतदान थेट मार्च 1977 मध्ये.

न्यायाधीश निवडून येत नाहीत हे मान्य. कॉलेजियमचा, म्हणजे न्यायाधीशांनीच नवे न्यायाधीश निवडायच्या पद्धतीचा, कारभार बंद दाराआड चालतो, तो बदलणारा कायदाही कोर्टानेच 2015 मध्ये रद्द केला, आणि तारखांवर तारखा तर आपण बघतोच. त्यावर भांडा ना, मीपण येतो. पण म्हणून सरकारला मोकळं रान कसं काय?

आणि हे फक्त एका पक्षापुरतं नाही. जुलै 2021 मध्ये आपल्या विधानसभेने भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित केले. बहुमत मविआचं, ठराव सभागृहात पास झालेला. 28 जानेवारी 2022 ला सुप्रीम कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला, निलंबन चालू अधिवेशनापुरतंच करता येतं, मतदारसंघ वर्षभर आमदाराविना ठेवता येत नाही म्हणून. या मेसेजच्या हिशोबाने ते बाराही जण पूर्ण वर्ष घरी बसायला हवे होते. चाललं असतं का?