नेट हवं असेल तर आधी नेट लावा

आमच्या लॅपटॉपला काहीही झालेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. घरात हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की आता मी 'आमच्या' म्हटलं की पुढचं लेकच म्हणून टाकते. २०१० सालचा आहे. कीबोर्डवरचे एन आणि एम पुसले गेलेत, बॅटरी नावापुरती उरली आहे, उघडताना बिजागरी कुरकुरते. पण स्क्रीनवर एक डाग नाही. असली वस्तू भंगारात द्यायला माझा हात धजत नाही.

विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले होते. पुढे ब्राउझर रुसला, मग बँकेची साइट उघडेना. तेव्हा भाच्याच्या सल्ल्याने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. आवाज आला, कॅमेरा लागला, माळ्यावर टाकून दिलेला प्रिंटरसुद्धा लावल्या लावल्या ओळखला गेला. वाय-फाय तेवढं नाही.

वाय-फाय बंद पडलंय म्हटलं की एकच प्रश्न येतो: "स्विच चालू आहे ना?" हा प्रश्न मला घरच्यांनी विचारला, ऑफिसातल्यांनी विचारला, खालच्या मोबाइल दुकानदाराने विचारला आणि इस्त्रीचे कपडे द्यायला आलेल्या मुलाने तर न विचारता येऊन पाहिलं. जुन्या लॅपटॉपना कडेला वाय-फायचा सरकता खटका असायचा. आमचाही आहे. तो चालू होता. एवढंच काय, 'आरएफकिल' नावाची आज्ञा दिली की संगणक स्वतःच जबानी देतो: सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड, नो. म्हणजे अडवलेलं कोणीच नाही, तरी चालत मात्र नाही. सरकारी कामाचा अनुभव असणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

भाचा फोनवर म्हणाला, "मामा, वाय-फायचं कार्ड नीट बसलंय का बघा." मागचं झाकण काढलं. धुळीखाली तीन सेंटिमीटर रुंदीची हिरवी पट्टी, दोन स्क्रूंनी आवळलेली. तिच्या माथ्यावर साबुदाण्याएवढ्या दोन पितळी टोप्या, एकीला काळी वायर, दुसरीला पांढरी. या वायरी बिजागरीतून वर स्क्रीनच्या मागे जातात. अँटेना तिथे असतो. टोप्या घट्ट होत्या. कार्ड घट्ट होतं. झाकण लावलं आणि एक स्क्रू उरला. लॅपटॉप उघडला की एक स्क्रू उरतोच, त्याची चर्चा नको.

मग 'एलएसपीसीआय'. या आज्ञेने आत बसलेल्या प्रत्येक कार्डाची पत्रिका बाहेर येते. दोन आकडे असतात, एक कुळाचा, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा, आणि एक स्वतःचा. इंटेलने तर आपला कुळाचा आकडा ८०८६ असाच घेतलाय, त्यांच्या १९७८ सालच्या प्रोसेसरवरून. माझं कार्ड ब्रॉडकॉम कंपनीचं, आणि त्याचा स्वतःचा आकडा ४३१५ निघाला. तो ऐकून भाच्याने जो सुस्कारा टाकला, तसा सुस्कारा डॉक्टरांनी रिपोर्ट पाहताना टाकू नये एवढीच माझी इच्छा आहे.

कारण असं की या कार्डाला नुसता ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला कार्ड चालवायला शिकवणारा प्रोग्राम, पुरत नाही, पोटात फर्मवेअर, म्हणजे कार्डाचा स्वतःचा प्रोग्रामही लागतो. बी४३ नावाचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो. तो हौशी मंडळींनी लिहिलाय. कंपनी कार्डाची माहिती देईना, तेव्हा एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर काय करतो याचं निरीक्षण करून टिपणं काढली आणि दुसऱ्या गटाने त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर लिहिला. ज्यांनी पाहिलं त्यांनी लिहायचं नाही, जे लिहिणार त्यांनी पाहायचं नाही. कायद्याला बोट ठेवायला जागा नको. एवढं सोवळं पाळूनही फर्मवेअर मात्र कंपनीच्याच मालकीचं. ते सीडीत घालून वाटायची परवानगी नाही. ज्याने त्याने आपलं आपण उतरवून घ्यायचं.

आणि हे संगणक फार विनयाने सांगतो. सुरू होतानाच्या नोंदी उघडल्या तर तिथे तांबड्या अक्षरांत लिहिलेलं: 'बी४३/यूकोड१५' ही फाइल सापडली नाही. तुम्ही अमुक वेबसाइटवर जा आणि योग्य फर्मवेअर डाउनलोड करा. खाली आणखी: कृपया त्या वेबसाइटवरच्या सर्व सूचना काळजीपूर्वक वाचा.

वेबसाइटवर जा! तिथे जाता आलं असतं तर तुझ्या नोंदी कशाला वाचत बसलो असतो?

लॅनची केबल लावावी तर मागच्या वळवाच्या पावसात वीज पडली तेव्हा राउटरबरोबर लॅपटॉपचं ते पोर्टही गेलं. राहिला पेनड्राइव्ह. ऑफिसच्या संगणकावर फाइल उतरवायची, घरी आणायची, उघडायची. फाइल म्हणायची, मी एकटी येणार नाही, अमुक लागेल. दुसऱ्या दिवशी अमुक आणावं तर त्याला तमुक लागायचं. तमुकला कंपायलर, कंपायलरला हेडर्स, आणि हेडर्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नेमक्या त्याच आवृत्तीचे. लग्नाला एका माणसाला बोलवावं आणि त्याने विचारावं, "आमच्या चुलत सासऱ्यांना पत्रिका गेली का?"

शेवटी भाच्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मामा, मोबाइल केबलने लॅपटॉपला लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा."

लावला. दुसऱ्या क्षणी मोबाइलचं नेट लॅपटॉपवर सुरू. ड्रायव्हर नाही, फर्मवेअर नाही, काही नाही.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वाय-फाय चालत नाही म्हणालात. नेट पाहिजे असं कुठे म्हणालात?"

इंजिनिअरशी बोलताना माणसाने स्टॅम्पपेपरवर बोलावं.

पुढचं झटपट झालं. फर्मवेअर काढणाऱ्या अवजाराचं नाव 'कटर'. ते कंपनीचा जुना ड्रायव्हर उतरवतं आणि त्यातून फर्मवेअरचा तुकडा कापून घेतं. वाय-फाय आलं, पण दर थोड्या वेळाने मान टाकू लागलं. मग कंपनीचाच 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर बसवला. हा आणि बी४३ एका घरात नांदत नाहीत. एक आला की दुसऱ्याचं नाव काळ्या यादीत घालावं लागतं. घातलं. लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि वाय-फायची यादी झरझर उलगडली. समोरच्या बिल्डिंगमधले देशपांडे आले, जिमवाले आले, कोणाचा तरी टीव्हीसुद्धा आला. आमचं तेवढं नव्हतं.

वाय-फायच्या लहरींचे दोन पट्टे, म्हणजे बँड असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे. कार्ड जुन्या वळणाचं, त्याला २.४ च कळतो. आणि नवा राउटर बसवताना जोडणीवाल्या मुलाने 'गर्दी असते काका' म्हणून नेमका तोच बँड बंद करून फक्त ५ ठेवला होता. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून २.४ चालू केला. लागलं. वेग सेकंदाला जास्तीत जास्त ५४ मेगाबिट, तेही कागदावर. बँकेची साइट उघडली, लाइटबिल भरलं. ही डोकावून म्हणाली, "एवढ्यासाठी?"

आता एकच जाच उरलाय. डब्ल्यूएल हा ड्रायव्हर कंपनीने २०१५ नंतर नवा काढलेलाच नाही. लिनक्सचा कर्नल पुढे सरकला की हौशी मंडळी त्याला ठिगळ लावतात आणि तो प्रत्येक कर्नलसाठी घरीच नव्याने बांधावा लागतो. बांधला गेला तर गेला. आणि नेट सुरू झाल्यावर मिंटने पहिला निरोप कसला दिला असेल? नवा कर्नल आलाय, घेता का?

लॅपटॉपच्या झाकणावर मी पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने लिहून ठेवलंय: 'अपडेटला विचारल्याशिवाय हात लावू नये.' खाली भाच्याचा नंबर.